आधी चावी बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जुन्या मनगटी घड्याळाचे फोटो काल रात्री उशिरा आले. उत्तर सवडीनं लिहिणार होतो, पण तुझ्या शेवटच्या ओळीनं झोप उडाली. मागचं झाकण कुठून उघडतं ते कळत नाही म्हणून शनिवारी चाकूच्या टोकानं प्रयत्न करणार आहेस. करू नकोस. चाकू, नख, स्क्रूड्रायव्हर, काहीही लावू नकोस. त्या घड्याळाला मागचं झाकणच नाही.

फोटो पुन्हा नीट बघ. पाठ वाटीसारखी एकसंध आहे, कुठंही सांधा नाही. काचेभोवतीच्या कड्याला, म्हणजे बेझलला, नाण्याच्या कडेसारखे बारीक दाते आहेत. ही बहुधा जिनिव्हाच्या फ्राँस्वा बोर्जेलची केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, आहे. तिचं पेटंट 1891 चं. मशीन एका आटे पाडलेल्या रिंगमध्ये बसवलेलं असतं. रिंग, मशीन, तबकडी आणि काच हे सगळं मिळून समोरून वाटीत फिरवून बसवायचं, बरणीचं झाकण लावतो तसं. फरक एवढाच, की बरणीच्या झाकणात बाजूनं काही घुसलेलं नसतं. घड्याळात चावीची दांडी बाजूनं मशीनमध्ये गेलेली असते, आणि ती आत असताना मशीन फिरणारच नाही. म्हणून बोर्जेलनं दांडीचे दोन भाग केले. चावी बाहेर ओढली की बाहेरचा भाग मशीनपासून सुटतो, मग बेझल डावीकडे फिरवायचं आणि सगळं समोरून बाहेर येतं. हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी शंभर वर्षं या केसवर पाती चालवली. बाजारात येणाऱ्या बोर्जेलच्या कडेवर असे ओरखडे मी इतके पाहिलेत, की बिनओरखड्याची दिसली की मी खुर्ची ओढून बसतो.

आपण क्राउनला, म्हणजे बाजूच्या फिरवायच्या बोंडाला, चावी म्हणतो. पूर्वी खिशातल्या घड्याळांना खरोखरच सुटी चावी असायची. ती गेली, शब्द राहिला. सगळं पत्र मी त्या चावीवरच लिहिणार आहे, कारण तुला हा नाद लागणार असेल तर तो योग्य टोकाकडून लागावा अशी माझी फार इच्छा आहे. बहुतेक लोक तबकडीकडे बघून घड्याळ घेतात. नाव कोणतं, आकडे कसे, काटे निळे आहेत का. सैनिकी घड्याळात मला पहिल्यांदा दिसते ती केस, आणि केसमध्ये चावीची जागा.

केसला तीन दारं असतात. काच, पाठ आणि चावीचं भोक. पाणी, धूळ, घाम या तीन दारांपैकी कुठल्यातरी एका दारानं आत येतो. पहिली दोन दारं बंद करणं त्या मानानं सोपं होतं. आटे पाडा, घट्ट फिरवा, झालं. एकोणिसाव्या शतकातच ते जमलं होतं. तिसऱ्या दाराचं दुखणं वेगळं. तिथली दांडी रोज फिरली पाहिजे, वेळ लावायला बाहेर आली पाहिजे, आणि तरीही तिच्याभोवती केसाएवढी फट राहता कामा नये. हे साधायला पन्नास वर्षं गेली. कुठलंही जुनं 'वॉटरप्रूफ' घड्याळ हातात आलं की मी एवढंच विचारतो: या माणसानं तिसऱ्या दाराचं काय केलं? त्याचं उत्तर सापडलं की घड्याळाचा काळ कळतो, किंमत कळते, आणि विकणारा किती खरं बोलतोय तेही कळतं.

तुझ्या बोर्जेलमध्ये उत्तर अर्धवट आहे. पाठीला सांधाच नाही, समोर आटे आहेत, पण चावीच्या भोकात काहीच अडवणूक नाही. त्यामुळे ती धुळीपासून आणि दमटपणापासून छान वाचवते, पाण्यात बुडवलीस तर वाचवणार नाही. तरीही पहिल्या महायुद्धात, 1914 नंतर, खंदकात उतरलेल्या अधिकाऱ्यांना ती आवडली, कारण खंदकातला रोजचा शत्रू चिखल आणि ओल होता. पोहायचं कुणालाच नव्हतं.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. त्या युद्धातली चांदीची मनगटी घड्याळं 'आर्मी इश्यू' म्हणून विकली जातात. ब्रिटिश अधिकारी घड्याळ बहुतेक वेळा स्वतःच्या पैशानं, गावातल्या दुकानातून घ्यायचे. सरकारनं मनगटी घड्याळं घेतली ती युद्धाच्या उत्तरार्धात आणि थोडी, आणि सरकारी मालावर रुंद बाणाची खूण असते. बाण नसला म्हणजे घड्याळ युद्धात नव्हतं असं मात्र समजू नकोस. उलट चांदीच्या केसवर चुकून बाण दिसला तर मला आधी संशय येतो, तो बाण कालपरवा कुणी ठोकला असेल याचा.

केस उघडलीस की आत तळाशी खुणा असतील. बोर्जेलची खूण म्हणजे एफ आणि बी ही अक्षरं आणि किल्ली. जिनिव्हा शहराच्या चिन्हात किल्ली आहे, तिथून ती आली. शेजारी ब्रिटिश हॉलमार्क असेल, कारण 1 जून 1907 पासून परदेशातून आलेल्या सोन्याचांदीच्या घड्याळकेसवर तिथल्या कसोटी कार्यालयाचा ठसा बंधनकारक झाला. ठशात वर्षाचं अक्षर असतं. ते नीट वाच, पण त्याला जन्मतारीख समजू नकोस. लंडनचं अक्षर मे महिन्यात बदलायचं, म्हणजे एक अक्षर दोन वर्षांवर पसरतं. आणि ठसा केस तपासल्याचा आहे, घड्याळ विकल्याचा नाही.

तू बर्मिंगहॅममध्ये आहेस याचा मला हेवा वाटतो. अ‍ॅरन डेनिसन हा मूळचा अमेरिकेतल्या मेन राज्याचा माणूस. तिकडच्या वॉल्थम घड्याळांच्या कारखान्याची सुरुवात करणाऱ्यांपैकी. उतारवयात तो तुझ्या गावी आला आणि केस बनवू लागला. त्याची कंपनी पुढं ब्रिटनमधली सगळ्यांत मोठी केसवाली झाली. डेनिसनच्या खंदकी केसमध्ये समोर आणि मागे असे दोन्हीकडे आटे असतात. ज्वेलरी क्वार्टरमध्ये जा, जुन्या दुकानात विनंती कर, आणि बोर्जेल व डेनिसन एकापाठोपाठ हातात घे. बोटांनी एकदा फरक ओळखला की पुस्तकाची गरज राहत नाही. चांदी मऊ असते, आटे तिरके बसवून जबरदस्तीनं फिरवले की कायमचे जातात. म्हणून हातात घेशील तेव्हा मालकाला विचारल्याशिवाय काही फिरवू नकोस.

आता आपल्याकडचा धागा सांगतो. तो खरा आहे आणि बाहेरच्या संग्राहकांना फारसा ठाऊक नसतो. स्वित्झर्लंडमधल्या सँतिमिएच्या आल्सिद द्रोझ आणि मुलांनी 1883 मध्ये पाण्यापासून जपणारं खिशातलं घड्याळ काढलं आणि त्याला त्यांच्या भाषेतलं 'पाणी न शिरणारं' हेच नाव दिलं, एम्पर्मेआब्ल. याच घराण्याचा व्यापार मुंबईत होता, आणि त्या मुंबईच्या व्यापारातून 1886 मध्ये वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव पुढं आलं. तुझ्या आजोबांच्या पिढीत वेस्ट एंड ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. रेल्वेत, पोलिसात, पलटणीत, सगळीकडे ते घड्याळ होतं. त्यांच्या एका घड्याळाचं नाव 'सोवार', म्हणजे आपला स्वार. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणींबरोबर वेस्ट एंडची घड्याळं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेली. पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन आणि तिच्यातल्या मराठा पलटणी तिथंच होत्या, आणि तिथल्या कूत गावाचा वेढा 29 एप्रिल 1916 ला शरणागतीत संपला. त्या वाळवंटात पावसापेक्षा बारीक धूळ घड्याळाला मारायची. मनगटी घड्याळाच्या केसचा विचार करताना सगळे फ्रान्सचा चिखल आठवतात. तू मेसोपोटेमियाची धूळही आठवत जा.

तिसऱ्या दाराकडे वळतो. 1917 च्या सुमारास टाव्हान कंपनीनं 'सबमरीन' नावाचं मनगटी घड्याळ केलं. एडिंबरोच्या ब्रूक अँड सन या दुकानानं ते विकलं. पाणबुडीवरच्या अधिकाऱ्यांच्या मागणीवरून ते केलं होतं. समोर आटे, मागे आटे, आणि चावीच्या दांडीभोवती भरण. नळाच्या दांड्याभोवती सुतळी गुंडाळून प्लंबर गळती थांबवतो ना, विचार तोच. मला हे घड्याळ फार महत्त्वाचं वाटतं. पहिल्यांदा कुणीतरी तिन्ही दारांचा एकत्र विचार करून, सैनिकाच्या सांगण्यावरून, मनगटावरची केस बांधली. जवळपास त्याच वेळी अमेरिकेत ब्रुकलिनच्या डिपोलियेनं वेगळा मार्ग काढला. चावीलाच आटे पाडले आणि ती केसवर घट्ट फिरवून बसवली. वॉल्थमचं मशीन असलेली ही घड्याळं अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरनं घेतली.

तिसरा एक मार्ग होता: दारं बंद करायची नाहीतच, आख्खं घड्याळ दुसऱ्या केसमध्ये ठेवायचं. 1921 चं जाँ फिंगरचं पेटंट तसं आहे. बाहेरची केस आट्यांची, आत बिजागरीवर छोटं घड्याळ. पण चावी द्यायला बाहेरची केस रोज उघडायची. रोज उघडल्यानं मऊ आटे झिजायचे, आणि जे बंद राहावं म्हणून केलं तेच उघडून उघडून सैल व्हायचं. अशी केस घेताना बेझलचे आटे भिंगाखाली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

रोलेक्सची गोष्ट तुला कुणीही सांगेल, म्हणून थोडक्यात. ला शो-द-फोंच्या पेरेगो आणि पेरे या दोघांनी 1925 मध्ये आट्यांच्या चावीचं पेटंट घेतलं, रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फनं ते विकत घेतलं, सुधारलं आणि 1926 मध्ये ऑइस्टर हे घड्याळ आलं. जलतरणपटू मर्सिडीज ग्लाइत्से हे घड्याळ घालून इंग्लिश खाडी पोहून गेली असं जे सांगतात ते चूक आहे. खाडी ती 7 ऑक्टोबर 1927 ला पोहली. घड्याळ होतं 21 ऑक्टोबरच्या दुसऱ्या प्रयत्नात, मनगटावर नव्हे, गळ्यात, आणि थंडीमुळे तो प्रयत्न तिला अर्ध्यावर सोडावा लागला. घड्याळ मात्र चालू राहिलं. विल्सडॉर्फनं 24 नोव्हेंबरला डेली मेलचं आख्खं पहिलं पान जाहिरातीसाठी घेतलं. ऑइस्टरनं डिपोलियेला विसरायला लावलं त्यात या पानाचा मोठा वाटा आहे. चांगली केस आणि गाजलेली केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या खिशाला परवडेल असा संग्रह या दोन गोष्टींच्या मधल्या जागेतच होतो.

माझं सगळ्यांत जास्त प्रेम असलेली केस बोर्जेलच्याच घरातून आली. तो 1912 मध्ये गेला, मुलगी लुइझानं कारखाना चालवला, आणि 1924 मध्ये तो टॉबेर कुटुंबाकडे गेला. त्यांनी 1930 च्या दशकात दहा कडांच्या पाठीची पोलादी केस काढली आणि चावीच्या दांडीभोवती बूच बसवलं. साधं, बाटलीचं असतं तेच झाडाच्या सालीचं बूच, दाबून बसवलेलं. दांडी फिरते, बूच तिला धरून राहतं, चावीला आट्यांची गरज नाही, सकाळी चावी देताना काही उघडायचं नाही. मिडो, मोव्हाडो, अगदी पाटेक फिलिपपर्यंत सगळ्यांनी या केस वापरल्या.

अशी एक मिडो मल्टिफोर्ट मी तिशीत असताना मुंबईत, मटन स्ट्रीटला शुक्रवारी सकाळी घेतली. काच पिवळी, पट्टा तुटका, पण पाठीच्या दहा कडा अशा धारदार होत्या की बोटाला मोजता येत. ती मी एका दुकानात साफ करायला दिली आणि फक्त 'साफ करा' एवढंच म्हणालो. आठवड्यानं परत मिळाली ती आरशासारखी चमकत. बफ मारून दहा कडांचा गोल झाला होता, आतलं बूच 'कुजलंय' म्हणून काढून टाकलं होतं आणि त्या जागी रबराची रिंग. कारागिरानं आपल्या परीनं चांगलंच काम केलं होतं. काय करायचं नाही हे मी सांगितलं नव्हतं. ती मिडो अजून माझ्या कपाटात आहे, आणि मी ती कधी विकली नाही. तेव्हापासून घड्याळ कुणाकडे देताना मी कागदावर लिहून देतो: पॉलिश नको, तबकडी रंगवायची नाही, काढलेला प्रत्येक तुकडा पुडीत घालून परत द्यायचा. तूही लिहून देत जा. जुनं बूच पाणी अडवत नसलं तरी त्या पुडीत ते माझ्या दृष्टीनं घड्याळाइतकंच मोलाचं आहे, कारण दांडीची जाडी, दाब, जागा, सगळं त्याच्यावर उमटलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या घड्याळांबद्दल तू विचारलंस. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी, म्हणजे पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसांसाठी, हॅमिल्टननं केलेलं 'कँटीन' बघ. इथं कँटीन म्हणजे सैनिकाची पाण्याची बाटली. चावीवर आट्यांचं टोपण आणि ते हरवू नये म्हणून बारीक साखळीनं केसला बांधलेलं, शाळेच्या वॉटरबॅगसारखं. ब्रिटिशांनी बारा कंपन्यांकडून करून घेतलेल्या घड्याळांच्या पाठीवर तीन डब्ल्यू असतात. घड्याळ, मनगटी, वॉटरप्रूफ एवढाच त्यांचा अर्थ. संग्राहक त्यांना 'डर्टी डझन' म्हणतात. बाराच्या बारा जमवायची हौस सगळ्यांना असते, आणि त्या बारांतल्या ग्राना कंपनीपाशी येऊन सगळे अडतात, कारण ती फारच थोडी झाली. ही घड्याळं 1945 मध्ये पुरवली गेली. तेव्हा 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेलं असं घड्याळ कुणी दाखवलं, तर नमस्कार करून पुढं जा. पण एक जपून: यांच्यातल्या पुष्कळांच्या तबकड्या पुढं लष्करानंच बदलल्या, अंधारात चमकणारं किरणोत्सारी रेडियम काढून दुसरा रंग देण्यासाठी. म्हणजे बदललेली तबकडी इथं खोटी ठरतेच असं नाही. आपल्या बाजारातली ताज्या रंगाची तबकडी मात्र वेगळी. परदेशात तिला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते शब्द ऐकले की मला वाईट वाटतं, कारण ज्या हातांनी ती रंगवली ते हात फार कुशल आहेत. त्यांना जपणूक शिकवायला आणि जपणुकीचे पैसे द्यायला कुणी गेलं नाही.

इटालियन पाणबुड्यांची पॅनेराय घड्याळं मात्र दहा वर्षं बघूसुद्धा नकोस. तिथं नकला इतक्या चांगल्या आहेत की माझ्याहून अनुभवी माणसं फसलीत.

रेडियम. हे हळू वाच. तुझ्या घड्याळाच्या आकड्यांवर जो करपट, तपकिरी रंग दिसतो तो रेडियमचा आहे असंच धर. आता तो अंधारात चमकत नाही, म्हणून तो मेला असं लोक समजतात. मेलंय ते त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियम निम्मं व्हायला 1,600 वर्षं लागतात. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात 1917 पासून मुली ब्रशचं टोक ओठांनी सारखं करून अशा तबकड्या रंगवत होत्या, आणि त्यांच्या जबड्याची हाडं कशी कुजली ते तू वाचलं असशील. बंद केसमधलं एक घड्याळ कपाटात असलं तर घाबरायचं काही नाही. पण उघडशील तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्यावर नको, जेवणाच्या टेबलावर नको. खाली ओला कागद अंथर, खिडकी उघडी ठेव, फुंकर मारू नकोस, आकड्यांना स्पर्श करू नकोस, काम झालं की कागद गुंडाळून टाक आणि हात धू. झोपायच्या खोलीत संग्रह ठेवू नकोस, रेडियममधून वायू निघतो आणि तो कुठल्याही आट्यांना जुमानत नाही.

काच पिवळी असेल तर बहुधा सेल्युलॉइड आहे. तेव्हा तिला 'न फुटणारी' म्हणून विकत. ती म्हातारी झाली की आंबट वाफ सोडते आणि पोलादी काटे गंजवते. ती बदलून घे, पण जुनी पुडीत ठेव.

पाण्यात घालू नकोस हे सांगायला नको. पावसातही नको. शंभर वर्षांच्या केसची पाण्याची परीक्षा घेणारा माणूस मला कधीच समजला नाही.

तर शनिवारी असं कर. सायकलच्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा घे. चावी नखानं हलकेच बाहेर ओढ, 'टक्' असं लागेल. लागलं नाही तर तिथंच थांब आणि मला कळव. लागलं तर घड्याळ तोंड वर करून डाव्या तळहातात धर, रबर बेझलवर ठेव, सगळ्या बाजूंनी सारखा दाब देऊन डावीकडे फिरव. दोन प्रयत्नांत हललं नाही तर सोडून दे, जोर लावू नकोस. हललं तर मशीन बेझलबरोबर वर येईल, ते कडेनं धर. वाटीच्या तळाचा फोटो काढ, उजेड बाजूनं घे म्हणजे अक्षरं उठून दिसतील. परत लावताना आधी डावीकडेच फिरव, अगदी हलक्या हातानं, आटे एकमेकांत बसल्याचा छोटासा धक्का बोटाला कळेपर्यंत. मग उजवीकडे. शेवटी चावी आत दाब, आणि एकदोन फेरे देऊन सेकंदाचा काटा चालतो का ते बघ.

फोटोत वर्षाचं अक्षर कोणतं आलं ते लगेच कळव. मी इथं यादी काढून बसलोय.

तुझा,
काका